उतारावरची रांगोळी

कुंदामावशी गेल्याची बातमी आली तेव्हा मी इतवारी बाजारात कुकरच्या शिट्टीवरून दुकानदाराशी हुज्जत घालत होतो. शिट्टी तिथंच राहिली. बाहेर आलो, पण हातगाड्यांच्या गर्दीत धड रडताही येत नाही; मागून "बाजू व्हा काका" अशी आरोळी येतेच. बाजूला झालो... आईच्या पाठची ही एकुलती बहीण, आणि आमच्या घराण्यातली सर्वांत तिखट जीभ.

मावशी एका खासगी शाळेत विशेष शिक्षिका होती. शाळेच्या पाटीवर 'समावेशक' हा शब्द सोनेरी अक्षरांत. कुणाला अक्षरं उलटसुलट दिसतात, कुणाला ऐकू कमी येतं, कुणाला बोलायला वेळ लागतो. अशी मुलं सगळ्यांसोबत एकाच वर्गात शिकावीत, म्हणून ती इतर शिक्षकांशी रोज भांडायची. "लाड नाही करून राहिली मी," ती मला सुनवायची. "तुले चष्मा दिला, तो लाड होते का गा?" मी चष्मा पुसायला घेई.

तिला शिसारी होती देखाव्याची. सातवीतली तन्वी कन्हानहून ऑटोनं यायची, व्हीलचेअरवर असायची, एकेक शब्द जुळवत बोलायची. शाळेत पाहुणे आले की तिला पहिल्या रांगेत मिरवायचं, ते गेले की पुन्हा दाराशी ढकलायचं. आणि तिच्यासाठी बांधलेल्या रॅम्पवर कायम कुंड्या; का, तर शोभा येते! रोज सकाळी पदर खोचून त्या खाली उतरवणं हे मावशीचं पहिलं काम. एकदा मावशीला शाळेत सोडायला गेलो, मदतीचा आव आणून वाकलो आणि कंबर धरून कुंडीशेजारीच बसलो. मावशी हसली नाही. "आता चढ त्या पायऱ्या," म्हणाली.

शाळेनं शोकसभा ठेवली. जाऊन पाहतो तर अख्ख्या रॅम्पवर रांगोळी! मावशीचा हसरा चेहरा, त्याखाली 'समावेशाची माउली'. आणि रॅम्पच्या पायथ्याशी तन्वी, मागे तिची आई. तन्वीला दोन शब्द बोलायचे होते. वाटेत एक शिक्षिका उभ्या होत्या.

"थोडं थांबा ना वं ताई, फोटो होऊ द्या. रांगोळी पुसून जाईल. नाही तर असं करू, तिच्याकडून आम्हीच बोलतो ना."

वर माइकवर मुख्याध्यापक सांगत होते, मॅडमनी कुणालाच मागे ठेवलं नाही. तेरवीचे लाडू मी चवीनं खाणारा माणूस, पण ही गोडी घशाखाली उतरेना. व्हीलचेअरच्या दांड्या धरल्या खऱ्या, पण समोर मावशीचा चेहरा. हात थबकले.

"काका," तन्वी म्हणाली, "नाकावरून न्या... नाही तर कपाळावरून. मॅडम... रागावत नाही."

नेलं. धापा मीच टाकत होतो. सभागृहाच्या पांढऱ्या फरशीवर चाकांच्या दोन रंगीत रेघा उमटत गेल्या आणि पुढची रांग त्याच बघत बसली.

"मॅडम रोज... कुंड्या... " तन्वीनं सुरुवात केली आणि अडली. लगेच कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, पाठोपाठ सगळ्यांनी. कौतुकाच्या नावाखाली पोरीचं तोंड बंद करायची काय ही सभ्य रीत! टाळ्या विरेपर्यंत तन्वी शांत बसली.

"मॅडम टाळ्या... नाही वाजवायच्या," ती म्हणाली. "मॅडम... थांबायच्या."

मग कुणाचा हात हलला नाही. तिनं आपलं सगळं बोलणं पुरं केलं, हवा तेवढा वेळ घेऊन.

परवा त्या शाळेवरून जात होतो. रॅम्पवर पुन्हा कुंड्या, या खेपेला गेरू लावलेल्या. स्कूटर लावली. खोचायला पदर नव्हता, म्हणून बाह्या दुमडल्या आणि वाकलो. कंबरेतून कळ आली आणि तोंडातून जी शिवी निघाली, ती हुबेहूब मावशीची.