मी न पाहिलेला बिबट्या

रामटेकेसर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कात्रजला एका लग्नाच्या पंगतीत माझ्या फजितीचा किस्सा सांगत होतो. त्यात सरही होते, तोंडी लावण्यापुरते. आजूबाजूची मंडळी इतकी हसत होती, की पलीकडून काय सांगतायत ते मला दोनदा विचारावं लागलं… त्याला आता महिना होईल.

सर आमच्या दैनिकात मुख्य उपसंपादक होते आणि मी स्वतःवर खूश असलेला बातमीदार. माझ्या बातम्यांत महागाईचा पंजा असे, डेंग्यूचा पंजा असे; एकदा तर मी खड्ड्यांच्याही पंजात शहर दिलं होतं. सर शांतपणे विचारत, "पंजा कुणाचा हो? मांजराचा धरू का?" आणि शब्द उडवत. ते मूळचे चंद्रपूरकडचे, वडील वनरक्षक. खोचक बोलणं मात्र पुण्यात येऊन कमावलेलं. एकदा मी फारच हुज्जत घातली, तेव्हा समोर बसवून म्हणाले, "माझ्या आत्याच्या खांद्यावर चार व्रण होते, वाघिणीचे. आत्या वाचली, पण पंजा हा शब्द तिनं पुन्हा उच्चारला नाही. तुम्ही तो कांद्याच्या भावाला लावता." त्यानंतर आठवडाभर मी पंजा लिहिला नाही. आठवडाभरच.

मग लोणी काळभोरहून मोबाइलवर एक फोटो आला. उसाच्या बांधावर ओल्या मातीत ठसा, पुढे नखांच्या टोकदार खुणा. मी लोणीला गेलो नाही. कशाला जायचं? नखं दिसत होती ना! 'गाव बिबट्याच्या पंजात' असा मथळा दिला, फोटोखाली 'तीक्ष्ण नखांचे स्पष्ट ठसे' लिहिलं आणि गार झालेला चहा आनंदानं प्यायलो. दुसऱ्या दिवशी लोणीहून एका शेतकऱ्याचा फोन. "सायेब, तुमचा बिबट्या आमच्या दारात भाकरी खातोय. मोत्या नाव हाय त्याचं." बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, मातीत उमटतात ती कुत्र्याची, हे मला त्या दिवशी कळलं.

इथे सगळे हसतात आणि मी थांबतो. पंगतीतही इथेच थांबलो होतो. त्यापुढचं असं, की बैठकीत संपादकांनी विचारलं, "ही बातमी कुणी पाहिली होती?" पानं लावणारा म्हणाला, "सरांनी." मीच त्याला तसं सांगितलं होतं, फोनवर सरांना वाचून दाखवलंय म्हणून. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे. "हो, मीच," सर म्हणाले, "नजरचूक." त्यांच्या मुदतवाढीचं त्याच महिन्यात ठरायचं होतं. ती मिळाली नाही. यामुळेच का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

निवृत्तीनंतर शनिवार पेठेतल्या त्यांच्या घरी मी जात राहिलो. मोत्याचा किस्सा तिथेही रंगवायचो, सरही हसायचे. हसून झाल्यावर मात्र जरा थांबायचे… मी पुढे काही बोलतोय का, याची वाट पाहत असावेत. शेवटच्या भेटीत म्हणाले, "बातमी कधी कापता आली नाही तुम्हाला. हा किस्सा मात्र बरोबर जागी कापता." मी हसलो. पुढच्या वेळी सांगू, म्हणत जिना उतरलो.

परवा तो जिना पुन्हा चढलो. खिडकीपाशी त्यांची खुर्ची, तिच्यावर न उलगडलेला पेपर. काकू म्हणाल्या, "अजून घेते. चुकांवर खुणा करायला आता कुणी नाही, तर कोराच राहतो." मी त्यांना सगळं सांगितलं, काहीही न कापता.

"त्या दिवशी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं," त्या म्हणाल्या, "दिवसभर माझ्याजवळ होते ते. कुणाचाही फोन आला नव्हता. मला माहितीये हो हे. मला सांगून काय होणार? पेपरात चुकलात ना? पेपरात सांगा."

म्हणून सांगतो. ती बातमी रामटेकेसरांनी पाहिलीच नव्हती. पाहिली असती, तर ती छापून आली नसती.