रक्तात आधीच ठरलेलं

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, सकाळ. बावड्याच्या घरात आम्ही चौघं होतो: कॉटवर दादा, त्याच्या उशाशी वहिनी, चहा घेऊन आलेली माझी मुलगी नेहा, आणि बारामतीहून नुकतीच पोचलेली मी. मी पिशवीतली औषधं काढून फळीवर लावत होते. वहिनीनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू वन्सं, आत्ता कुठं झोप लागलीय." दादाचे हातपाय गेली काही वर्षं जागेपणी क्षणभरही स्थिर राहत नव्हते, थांबायचे ते फक्त झोपेत. त्यामुळे तो इतका शांत पडलेला दिसला तरी आम्हाला कुणाला काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. चहा निवला. मग नेहानं त्याच्या मनगटाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं...

दादा इंदापूरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. मी एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात स्टोअर सांभाळते. काय संपलं, काय मागवायचं, कुणाचं काम अडलंय, हे बघणं माझा स्वभावच झालाय. दादाचं डोकं अशा गोष्टींत चालायचं नाही. त्याला वेड होतं ते कणांचं. कुठं जमिनीखाली बोगदे खणून शास्त्रज्ञ काय शोधतायत, ते तो मला रविवारी मागच्या दारी बसून सांगायचा. "सुमे, हात पुढं कर. आत्ता सूर्यावरनं निघालेले कण तुझ्या तळहातातनं आरपार चाललेत. मोजता यायचं न्हाईत इतके." मी म्हणायचे, "जाता जाता चार भांडी घासून जा म्हणावं." तो खो खो हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून समजावायचा.

आजार पहिल्यांदा दिसला तो खडूत. फळ्यावर आलेख काढताना त्याची रेघ मध्येच उडायला लागली. मग चाल बिघडली. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर आज सकाळीच घेऊन आल्यात." दादा घरी येऊन जेवला नाही. कारण आमच्या वडिलांबद्दल, अण्णांबद्दल, लोक हेच बोलायचे. अण्णा साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होते. झोकांड्या खात घरी यायचे, जीभ जड व्हायची. सगळा गाव त्यांना दारुडा म्हणे, आणि खरं सांगायचं तर घरातही कुणाला वेगळं वाटत नव्हतं. त्यांच्या तोंडाला वास कधी आला नाही, याचा विचार कुणी केला नाही.

भवानीनगरकडच्या वस्तीवर अण्णांची सख्खी बहीण, आमची आत्या राहायची. तिचेही हात तसेच फिरायचे, मान झटके द्यायची. पण ती बाईमाणूस, कपाळाला मळवट. लोकांनी ठरवलं, अंगात देवी येते. मंगळवारी-शुक्रवारी बायका तिची ओटी भरायला रांग लावत. आईनं मला आणि दादालाही तिच्या पायावर घातलं होतं. आत्या एकदा मला जवळ ओढून म्हणाली, "देवी असती तर कवातरी उठून गेली असती की गं. ही जातच न्हाय."

पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून नाव सांगितलं: हंटिंग्टन. मेंदूचा आजार, आईकडून किंवा बापाकडून उतरणारा, थांबवता न येणारा. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. परतताना गाडी मी चालवत होते. दादा म्हणाला, "कण कुणाला दिसत न्हाय, सुमे. यंत्रात त्याची रेघ उमटती, त्यावरनं कळतं की इथनं गेला. आपल्या घरात दोन रेघा ढळढळीत होत्या. आपण एकीला हळदकुंकू वाहिलं, दुसऱ्याला शिव्या घातल्या." मी स्टिअरिंगवरची माझी बोटं बघत होते. तेव्हापासून मी ती बघतेच आहे.

पुढं त्याचं मन खचलं. दादा-वहिनीला मूल नाही, त्यानं कुणाला काही दिलं नव्हतं, तरी रात्र-रात्र भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याच काळात त्यानं वाचलं की परदेशात अळंबीच्या काही जातींतलं एक द्रव्य, भ्रम निर्माण करणारं, खोल नैराश्यावर वापरून बघतायत. हे त्यानं शेजारच्या तात्यांना सांगितलं, आणि तात्या दुसऱ्या दिवशी बांधावरची अळंबी पंच्यात बांधून हजर! "मास्तर, ह्यातली कंची?" वहिनी कडाडली, "तात्या, एकाला पोचवायचंय का दोघान्ला?" तिनं पंच्यासकट सगळं उकिरड्यावर टाकलं.

दादानं डॉक्टरांनाच विचारलं. "मला बरं व्हायचं न्हाय. पण त्यानं मरणाची भीती उतरती म्हणत्यात. तेवढी उतरली तरी चालंल." डॉक्टरांनी नीट समजावलं, की ते प्रयोग निवडक लोकांवर, कडक देखरेखीखाली चालतात, आणि या आजारात त्याचा उपयोग होतो असं अजून कुणी म्हणू शकत नाही. दादा बाहेर येऊन मला म्हणाला, "म्हंजे भीती न्हाय जायची. घरातच सांभाळायची."

मी माझ्यापरीनं सांभाळत होते. आपल्या रक्ताची तपासणी करायची नाही, असं ठरवून टाकलं होतं. दादाकडूनच ऐकलेलं त्याला ऐकवलं: तुझ्या त्या कणांचं म्हणे बघेपर्यंत काहीच ठरलेलं नसतं, मग मी बघतच नाही. त्याला तेव्हा बोलायला फार कष्ट पडत. शब्द गोळा करत तो म्हणाला, "ते कणांचं. तुझ्या रक्तात... आधीच ठरलंय. तू बघ... न्हायतर बघू नको." आणि मग, "नेहा... बघंल."

तेरावं झालं. बारामतीला परतल्यावर नेहा ओट्यापाशी भांडी पुसत होती. तिचं लग्न ठरण्याच्या बेतात आहे. म्हणाली, "आई, होकार द्यायच्या आधी मी टेस्ट करून घेणार." मी ताटली धुतच राहिले. तिच्यात ते निघालं, तर ते माझ्यातून गेलेलं असणार. मी न विचारता मला माझं उत्तर मिळणार. तिनंही हे ओळखलं होतं. "तुला नको असेल तर मी सांगणार नाही गं."

"तुझ्या तोंडावर दिसंल की."

"म्हणून म्हणते, आधी तू जा. तुझं नीट आलं तर मला जायलाच नको."

हिशेब बरोबर आहे. माझ्यासारखी बाई दुसऱ्या कुणाला हेच सांगेल. पण नीट आलं नाही तर? आज मी फक्त घाबरलेली आहे. त्या दिवशी मी आत्या असेन, अण्णा असेन, आणि माझ्या पोरीला वाटणीला काय आलं असेल याची वाट बघत बसेन. पुण्याच्या दवाखान्यातल्या या तपासणीच्या विभागाचा नंबर फोनमध्ये आहे. आधी बोलावून समजावतात, सोबत घरचं माणूस आणा म्हणतात. नेहानं शनिवारची रजा टाकून ठेवलीय.

आज सकाळी माझ्या हातातून कप सुटला. हात ओला होता, साबण होता, कप निसटणारच होता. नेहा धावत आली. तिनं फरशीकडे पाहिलंच नाही, माझ्या हाताकडे पाहिलं.

फोन करायचा राहिलाय.