एउलालिया आणि पालोमा

नवरा रेल्वेच्या कामावर दगावला, तेव्हा मेक्सिकोतल्या सोनोराहून आलेली एउलालिया लॉस एंजेलिसच्या एका सिनेमा कंपनीत पिंजरे धुवायला लागली. सन १९१३ची गोष्ट. कंपनी जंगलाचे मूकपट काढायची. वाघ-सिंह दरवेळी कुठून आणणार, म्हणून स्टुडिओला लागूनच कंपनीने स्वतःचं प्राणिसंग्रहालय थाटलं होतं. तिथली पालोमा नावाची बिबट्याची मादी एउलालियाशिवाय कुणाच्या हातचं खात नसे.

एके दिवशी नायिकेने पालोमाजवळ जायला साफ नकार दिला. दिग्दर्शक हॅडली येरझाऱ्या घालू लागले. ऊन कलत चाललं होतं.

"द्या इकडं तिच्यासारखा सोनेरी केसांचा टोप," एउलालिया म्हणाली.

"तू? आरशात बघितलंस का कधी?"

"पाठमोरी मी कुणीही दिसेन, साहेब."

ती झाडाखाली निजली. पालोमा येऊन तिला हुंगू लागली, तोच मागे एक फळी धाडकन कोसळली. बिचकलेल्या जनावराचा पंजा तिच्या खांद्यात रुतला.

"थांबू नकोस, हँडल फिरवत राहा!" हॅडली कॅमेरावाल्यावर ओरडले.

इस्पितळात तिला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मुलगी मिकाएला घेवड्याची उसळ आणि तोर्तियाच्या पोळ्या घेऊन आली.

"त्या अवदसेला आज गोळी घालणार आहेत. सुटलीस एकदाची!"

एउलालियाने ताट सरकवलं. गळ्यात अडकवलेल्या हातानिशी ट्रॅम गाठली. पिंजऱ्यापुढे रखवालदार बंदूक भरत होता. ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो, बाई."

"फळी पाडली त्याला घातलीत गोळी? आधी त्याला शोधा!"

आरडाओरडा ऐकून हॅडली आले. दोघींकडे बघत राहिले. "राहू दे," शेवटी ते म्हणाले, "सिनेमा अजून अर्धा व्हायचाय."

पुढे कंपनीच बुडाली. जनावरं सर्कशीला विकली, आणि पालोमाच्या पिंजऱ्यामागोमाग एउलालियाही गाडीत चढली.

"या वयात सर्कस? लोक काय म्हणतील, आई?"

"लोकांना म्हणावं, तिकीट काढा आणि बघा."

दुसऱ्या उन्हाळ्यात, कॅन्ससच्या एका गावात, म्हातारी पालोमा तिच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. एउलालिया मुलीकडे परतली, पण घर तिला मानवेना. पहाटेच उठून ती पालोमासाठी मांस कापायची सुरी शोधायची.

"झोप ना, आई," मिकाएला कुरकुरायची.

"झोपते," म्हणायची, आणि पिंजरे धुवायला निघाल्यासारखी बूट चढवून बाहेर पडायची.