गटचर्चेत मी ठराव मांडला

सरळच सांगते. माझ्या मैत्रिणीला ती नोकरी लागली तेव्हा मला आनंद झाला नाही. पेढा खाल्ला, तिच्या पाठीवर थाप मारली, "पार्टी कधी?" असंही विचारलं. पण तो पेढा काही केल्या घशाखाली उतरेना. अशा वेळी मनापासून आनंद होणारी माणसं असतात म्हणे. मला अजून एकही भेटलेलं नाही.

नोकरी कसली होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. टॉवेल परदेशी पाठवणारी एक कंपनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नवीन ऑफिस काढत होती. पुण्यात नाही, मुंबईत नाही, आमच्या सोलापुरात! आमच्याकडे पदवी हातात पडली की मुलं बॅग भरतात. माझ्या फोनमध्ये वर्गातल्या निम्म्या नावांपुढे आता 'पुणे' लिहिलेलं आहे. आणि माझे बाबा त्याच अक्कलकोट रोडनं सायकलवर कामाला जातात, एका कारखान्यात पॅकिंगला. लहानपणी संध्याकाळी त्यांच्या शर्टाला चिकटलेले सुताचे तंतू मी एकेक करून काढायचे. त्यामुळे ही नोकरी माझीच, असं मी ठरवूनच टाकलं होतं. घरी राहायचं, आईच्या हातचं जेवायचं, संध्याकाळी संघटनेचं काम करायचं. नाही लागली तर मावशीच्या ओळखीनं पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये जागा होती आणि आईनं मला निक्षून सांगितलं होतं, "हे नाही जमलं तर गुमान मावशीकडं जायचं."

कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मी एका विद्यार्थी संघटनेत आहे. पत्रकं लिहायची, छापून आणायची, कॉलेजच्या गेटवर वाटायची, चौकात उभं राहून बोलायचं. पत्रकाची पहिली ओळ अशी हवी की माणसाचा चहाचा कप हातातच राहिला पाहिजे. आणि सभेचा आमचा एक नियम आहे, तो कुणी लिहून ठेवलेला नाही पण कधी मोडलेलाही नाही: ठरावाशिवाय सभा उठत नाही. समोर चार टाळकी का असेनात, ठराव वाचायचा, हात वर करायला लावायचे, "मंजूर" म्हणायचं, मगच चहा.

मैत्रिणीच्या घरचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी. शाळेपासून आम्ही एका बाकावर. तीही त्याच नोकरीच्या मागे होती. कॉलेजच्या प्लेसमेंटच्या सरांनी सांगितलं, कंपनी ग्रुप डिस्कशन, म्हणजे जीडी, घेणार, तयारी करा. सहाजणांना एकत्र बसवतात, विषय देतात आणि कोण कसं बोलतं ते बघतात. सरांचे नियम: बोट दाखवू नका, कुणाला तोडू नका, ओळखीचं कुणी असलं तरी ओळख दाखवू नका.

"आणि जीडी जिंकायची नसते बरं का," सर माझ्याकडे बघून म्हणाले.

मग स्पर्धा कशाला घेता, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुपारी तिच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असायचं, तेव्हा आम्ही दोघी आणि वर्गातल्या आणखी दोघी आत गाद्यांवर बसून तयारी करायचो. मोबाइलमधून विषय काढायचा आणि सुरू. मी सुरुवात करायचे आणि शेवटही बहुतेक मीच करायचे.

"ए बाई, बोट खाली," मैत्रीण म्हणायची. "आणि 'मित्रांनो' नको. आम्ही चौघीच आहोत की हितं."

"सवय आहे."

"सभा सुटली का? आता मी बोलू?"

तिचं बोलणं म्हणजे काय, तर समोरचा जे बोलेल त्याला आधी "हो, बरोबर" म्हणायचं आणि मग हळूच दुसरीकडे न्यायचं. ते कुठून आलं होतं ते मला पक्कं माहीत होतं. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणत नाहीत. निळी चादर नसेल तर "निळीच हवी ना, बरोबर, निळी उठून दिसते, आता ही हिरवी बघा" असं म्हणतात आणि माणूस हिरवी घेऊन जातो. मला हे बोलणं बुळबुळीत वाटायचं. आजही वाटतं.

तिचे वडील कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत ऐकायचे. न विचारता एकदा म्हणाले, "बाळ, तू लई खरं बोलतीस. पण समोरच्याला बसायला जागाच देत न्हाईस की."

"काका, खरं उभ्यानंच बोलायचं असतं."

"मग गिऱ्हाईकबी उभ्यानंच जातंय," असं म्हणून ते खूश होऊन लेकीकडे बघून हसले. तीही हसली. मी त्या दिवशी त्यांचा चहा घेतला नाही.

ग्रुप डिस्कशनच्या दिवशी सहाजणांना एका गोल टेबलाभोवती बसवलं. भिंतीला टेकून पुण्याहून आलेले दोघे, एक बाई आणि एक गृहस्थ. विषय वाचून दाखवला: लहान शहरातले तरुण शहर का सोडतात? माझ्या अंगावर काटाच आला. या विषयावर मी अख्खं पत्रक लिहिलं होतं! त्याच्या हजारेक प्रती मी स्वतःच्या हातानं वाटल्या होत्या, एक तिच्याही दुकानात चिकटवली होती. देव मी मानत नाही, पण त्या क्षणी कुणाचे तरी आभार मानावेसे वाटले.

मी सुरुवात केली. "मित्रांनो" आलंच. बोटही वर गेलं असावं, कारण समोरच्या मुलानं खुर्ची थोडी मागे घेतली. चौकात लोक असे मागे सरकले की आम्ही समजतो, लागलं. मी आणखी जोर धरला. विमानसेवेच्या नुसत्या घोषणा, नळाला चार-चार दिवसांआड येणारं पाणी, बंद पडलेल्या गिरण्या, भाषणात स्मार्ट झालेलं शहर. एक शब्द खोटा नव्हता.

मी श्वास घ्यायला थांबले आणि मैत्रीण बोलली.

"ह्यांनी फार महत्त्वाचं सांगितलं."

ह्यांनी! शाळेत जिनं माझा डबा पळवला ती मला 'ह्या' म्हणत होती. सरांचा नियम म्हणून म्हणत होती, कळत होतं. तरी कानात खडा गेल्यासारखं झालं.

"मला वाटतं, जाणाऱ्याला दोष देण्याऐवजी, राहणाऱ्याला इथं काय मिळतं ते बघूया का?" मग त्या खुर्ची मागे घेतलेल्या मुलाकडे वळून, "तुम्ही मघाशी काहीतरी म्हणत होतात."

तो काही म्हणत नव्हता. पण आता म्हणायला लागला. तो कुर्डुवाडीचा, रोज रेल्वेनं ये-जा करणारा. इथं पगार कमी असला तरी घरभाडं वाचतं, असं काहीतरी. भिंतीजवळच्या बाईंनी मान हलवून लिहून घेतलं.

'जाणाऱ्याला गद्दार म्हणू नका, राहणाऱ्याला काय देता ते आधी बोला!' हे माझ्या पत्रकातलं वाक्य आहे. तिसरा परिच्छेद, ठळक अक्षरात. तिनं ते उचललं, इस्त्री केली, घडी घातली आणि टेबलावर ठेवलं. माझ्या तोंडी ते धमकी वाटलं असतं. तिच्या तोंडी शहाणपण वाटलं.

थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "वेळ संपत आलाय, कुणीतरी समारोप करा."

समारोप म्हटलं की माझे पाय आपोआप उभे राहतात. मी उभी राहिले. "तर ही चर्चा असा ठराव करते, की सोलापुरात नव्यानं येणाऱ्या प्रत्येक कंपनीनं पहिल्या भरतीत इथल्याच मुलामुलींना घ्यावं आणि त्यांची पुण्याला बदली करू नये. ठराव मंजूर असलेल्यांनी हात वर करा."

हात वर गेले! चौघांचे. कुर्डुवाडीवाल्यानं तर कोपरापासून ताठ केला. गृहस्थांचा पेन हवेतच थांबला. मैत्रिणीचा हात खांद्यापर्यंत आला, केस सारखे केल्यासारखा झाला आणि खाली गेला.

"मंजूर," मी म्हणाले आणि बसले.

"ठराव चांगलाच आहे," मैत्रीण म्हणाली, "फक्त सगळ्यांचे मुद्दे एकदा एकत्र मांडू." आणि शांतपणे तिनं प्रत्येकाचं एकेक वाक्य परत सांगितलं, ज्याचं त्याच्याकडे बघून. समारोप तिचा झाला. माझा नुसता ठराव राहिला.

बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये ती माझ्यावर उखडली. "येडी आहेस का गं? कंपनीच्या खोलीत बसून कंपनीलाच ठराव?"

"मंजूर झाला की."

"व्हय, झाला. आता अंमलबजावणी कोण करणार, तो कुर्डुवाडीवाला?"

"तू हात का वर केला नाहीस?"

"अर्धा केला होता."

"अर्ध्या हाताचं मत मोजत नाहीत."

ती हसायला लागली. मी हसले नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ती पेढे घेऊन आली तेव्हा आई घरी होती. आई म्हणाली, "किती गोड बोलतं लेकरू. शीक जरा हिच्याकडून." तर ही म्हणते, "काकू, वाक्य हिचंच होतं. मी नुसतं बोलले." चोरी तर केलीच, वर ती कबूल करून मोठेपणाही घेऊन गेली. भांडायलाही जागा ठेवली नाही. लोकांना वाटतं, मत्सर वाईट माणसांचा होतो. चुकीचं आहे. वाईट माणसाचा राग येतो आणि संपतो. मत्सर चांगल्या माणसाचा होतो, म्हणून तो संपत नाही.

मी पुण्याला आले. 'सोलापूर रिकामं होतंय' असं पत्रक लिहिणारी मी, खिडकीजवळची सीट पकडून त्या रिकामं होण्यात एकाची भर घालून आले. इथं दिवसभर कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांना "हो, बरोबर" म्हणते. जे तिच्याकडून शिकायला मी तयार नव्हते ते आता पगारासाठी करते. कुणी शिव्या घातल्या तरी 'समजू शकते' म्हणायचं. बोट टेबलाखाली धरून ठेवते.

पगार तिचा माझ्यापेक्षा फार नाही. स्कूटी तिची आधीपासूनच होती. मला सलतं ते वेगळंच. आठवड्यातून एकदा बाबांचा फोन येतो आणि त्यात हटकून तीच असते. "तुझी मैत्रीण भेटली, हॉर्न वाजवून हात केला." "तुझी मैत्रीण म्हणाली, काका, उन्हात टोपी घाला." माझ्या बाबांना ती रोज बघते. त्यांच्या शर्टावर सूत असेल तर तिला दिसतं.

परवा जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. मी ऑफिसच्या जिन्यात डबा उघडून बसले होते. ती घरी जेवायला आली होती, मागून तिच्या आईची जेवायला ये म्हणून कानडीत हाक ऐकू आली, "ऊट माडु बा."

"ऐक, आमच्याकडं परत भरती निघालीय. ये की."

"जीडी आहे?"

"हाय की."

"विषय काय?"

"ते नाही सांगता येत गं." कंपनीची झाली बघा! मग म्हणाली, "सकाळी तुझे बाबा दिसले. सायकलची चेन निघाली होती. मी बसवून दिली, हात सगळे काळे झाले माझे."

मी डब्याचं झाकण लावलं. जिन्यात वर-खाली लोक जात होते.

"अर्ज भरते," मी म्हणाले. "पण शेवटी ठराव घेणार."

"घे बाई. उभी नको राहूस फक्त."

उभं राहायचं की बसायचं ते मी तिथं गेल्यावर बघेन. समोरच्याला जागा द्यायला लागली तर तीही देईन, एवढं काही मोठं नाही. पण बाबांची चेन पुन्हा निघाली, तर ती मी बसवणार.