बेटावरच्या म्हातारीची अहिराणी

आधी एक स्पष्ट करते. भूतखेत, अंगात येणं, नजर लागणं यातलं मी काहीही मानत नव्हते. सुरतला नवागामात आमच्या गल्लीत कोणाच्या अंगात आलं की बायका ओटी घेऊन धावायच्या, आणि मी दार लोटून कुकर चढवायचे. सासूबाई त्यावरून बोलायच्याही. आजही मला कोणी विचारलं की तुझा विश्वास बसला का, तर मी 'हो' म्हणणार नाही. पण जे झालं ते माझ्यासमोर झालं, आणि ते मला कुठे ठेवावं हे कळत नाही... म्हणून इथे लिहितेय.

आम्ही मूळचे खानदेशातले, साक्रीकडचे. माझे सासरे कापडाच्या लूमवर कामाला म्हणून सुरतला आले, तेव्हापासून आमचं घर नवागामात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, असं आमचं चालतं. माझे मिस्टर संजय, हेही लूमवरच होते. ते खातं, म्हणजे लूमचा कारखानाच, बंद पडला. मग इच्छापोरला कॉन्ट्रॅक्टवर गेले, तेही सुटलं. मी घरी साड्यांना खडे चिकटवायचे, त्यावर चूल पेटत होती एवढंच. अशात कोणीतरी ह्यांना एका शेठकडे नेलं. हजीऱ्याच्या पलीकडे खाडीत एक बेट आहे, तिथे शेठचे झिंग्याचे, म्हणजे कोळंबीचे, तलाव होते आणि त्यांना राखणदार हवा होता. राहायला खोली, रेशन, फॅमिली चालेल.

"समुद्राची हवा, पूर्वाला पण मोकळं वाटेल," हे म्हणाले. पूर्वा आमची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची.

बेटाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथेच आहेत. लहानसं आहे. मच्छीमारांची थोडी घरं, एक देऊळ, एका खोलीची शाळा. बाकी चिखल, तिवरं आणि तलावांचे बांध. भरती असेल तेव्हाच होडी. ओहोटीला खाडी अशी उघडी पडते की किनाऱ्यापर्यंत नुसता काळा गाळ, त्यात ना होडी चालते ना माणूस. समोर हजीऱ्याच्या कारखान्यांचे दिवे दिसतात, चिमणीवरची आग दिसते. सगळं इतकं जवळ वाटतं की हाक मारली तर कोणी ओ देईल. आणि जायला रस्ता नाही! तुरुंगातून बाजार दिसावा तसं व्हायचं मला.

प्यायचं पाणी होडीतून पिंपांत यायचं. मी घागर घेऊन गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. मला गुजराती नीट येतं, तरी त्यांच्या आपसातल्या बोलीतलं निम्मं कळायचं नाही आणि त्या माझ्यासाठी सोपं करून बोलायच्या नाहीत. वाईट नव्हत्या. पण आधीचे सगळे राखणदार थोड्या दिवसांत पळून गेले होते, मग जीव लावायचा कशाला? पहिल्याच दिवशी पाण्याच्या पिंपांजवळ एका म्हातारीने मला खालून वर बघितलं आणि थुंकल्यासारखी बोलली, "परदेशी अहीं टके नहीं." बाहेरचं माणूस इथे टिकत नाही. जमनामा म्हणायचे तिला. सुकी मासळी निवडत दिवसभर अंगणात बसलेली असायची. मी जाताना हसले की ती मान फिरवायची.

पूर्वा शाळेतून येऊन गप्प बसायची. तिच्याशी कोणी खेळायचं नाही. एक दिवस म्हणाली, "मम्मी, आपण अहिराणी बोलतो ना, ती इथे कोणालाच येत नाही?" मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, "मग आपण तिघंच." त्या दिवसापासून आम्ही घरात मुद्दाम जास्तच अहिराणी बोलायला लागलो. तिथे आपलं म्हणावं असं तेवढंच होतं.

उन्हाळा लागला तसं मला ते सहन होईना. रोज ह्यांना म्हणायचे, परत जाऊ. हे म्हणायचे, परत जाऊन करायचं काय? एकदा पूर्वाला ताप भरला तेव्हा भरतीची वाट बघत मी धक्क्यावर तिला मांडीवर घेऊन बसले होते. आता सांगायला सोपं वाटतं, पण त्या बसण्यात माझ्यातलं काहीतरी तुटलं ते तुटलंच.

आता त्या दिवसाचं सांगते. रणरणती दुपार होती. हे रोज तलावांवर चक्कर मारून जेवायला यायचे, त्या दिवशी आले नाहीत. फोन लावला, स्विच ऑफ. मी पूर्वाचा हात धरून बांधावर गेले. तलावांतले पाणी घुसळून हवा देणारे पंखे घरघरत होते, हे कुठेच नाहीत. नेहमीच्या झाडाखाली सायकल नाही.

सायकल धक्क्यावर सापडली. तिथे जाळं शिवत दोन म्हातारे बसले होते. त्यांना विचारलं तर त्यातला एक म्हणाला, "तारो धणी तो होडीमां गयो, बेन. सवारे."

म्हणजे सकाळच्या होडीने गेले. मी म्हटलं, शक्य नाही. तर दुसरा म्हणाला, निळा शर्ट होता ना? निळा शर्ट घातलेला एक माणूस होडीत बसलेला मी पाहिलाय.

ह्यांचा शर्ट निळाच होता.

म्हातारे वाईट वाटून एकमेकांकडे बघत होते. असं त्यांनी आधीही पाहिलं असणार. राखणदार सायकल टाकून होडीत बसतो आणि परत येत नाही. पण बायको-पोरीला टाकून? तरुण माणसं सगळी मासेमारीला गेलेली. होडी परत यायला भरती हवी आणि समोर ओहोटी. नुसता गाळ पसरलेला. मी सारखा फोन लावत होते. आणि खरं सांगते, हळूहळू मलाही ते पटायला लागलं. आदल्या रात्री हे बोलता बोलता म्हणाले होते, "मला पण नाही झेपत ग आता." मला वाटलं, गेले. सुटले. आम्हाला इथे ठेवून सुटले.

घराकडे परत निघाले. जमनामाच्या अंगणापाशी आले आणि तिथेच मातीत बसले. पूर्वा माझ्या खांद्याला धरून उभी. मी तोंडात पदर कोंबून रडत होते. म्हातारी नेहमीसारखी सुके बोंबील निवडत होती. दोन हातांवर तिची सून रमीला चुलीशी भाकऱ्या थापत होती, ती माझ्याकडे बघून उठू की नको अशी झालेली.

म्हातारीने मान वर केली नाही. हात थांबवला नाही. बोंबील निवडता निवडता बोलली —

"रडू नको वं माय. तो पळी नई गया. जुना फाटकना त्या आंगे गाळमा फसेल शे."

मी रडायची थांबले. काय ऐकलं ते डोक्यात शिरायच्या आधीच माझ्या तोंडून निघालं, "कोठे शे?"

"सांगं ना, जुना फाटक. जित्ता शे. पाणी येवाना पह्यले जाय. फळी लई जाय. आते ऊठ."

पळून गेलेला नाही, जुन्या फाटकाच्या पलीकडे गाळात फसलाय, जिवंत आहे, पाणी चढायच्या आत जा, फळी घेऊन जा. अहिराणी. आणि ती आमची सुरतची अहिराणीसुद्धा नव्हती. आमच्या बोलण्यात निम्मी गुजराती घुसलीय, ते आम्हालाही माहीत आहे. ही तशी नव्हती. साक्रीकडच्या आमच्या गावात विहिरीवर बायका बोलतात तशी, अगदी त्या हेलात.

तेव्हा हा विचार करायला वेळ नव्हता. मी उठले. मासळी वाळत घालायची एक लांब फळी भिंतीला टेकवलेली होती, ती ओढली आणि धावत सुटले. मागून रमीला ओरडली, "ए बेन! अमारुं पाटियुं क्यां लई जाय छे?" तिला वाटलं मला वेड लागलं, मी जीव द्यायला निघाले. ती मागे धावली म्हणून हे आज आहेत, कारण गाळात कसं जायचं ते मला कुठे माहीत होतं?

जुनं फाटक म्हणजे तलावात खाडीचं पाणी घ्यायचं फाटक, बेटाच्या पार दुसऱ्या टोकाचं. तिकडचा तलाव कधीच फुटलेला, तिकडे कोणी फिरकत नाही. मी स्वतः एकदाच लांबून पाहिलेलं. फाटकाच्या भिंतीवरून पलीकडे वाकले आणि मला ते दिसले. छातीपर्यंत गाळात. हात पसरलेले, डोकं एका बाजूला. आणि खाडीतून पाण्याची एक जीभ सळसळत त्यांच्याकडे येत होती. भरती सुरू झाली होती.

मी हाक मारली, त्यांनी डोळे उघडले. आवाज नव्हता त्यांच्यात.

मी उडीच मारणार होते. रमीलाने मला केसाला धरून मागे ओढलं. "तुं पण मरीश!" मग फळी गाळावर आडवी टाकली, स्वतः तिच्यावर पोटावर झोपली आणि सरकत पुढे गेली. मला म्हणाली, माझे पाय धर. तिने आपली ओढणी ह्यांच्या काखेतून घातली. पूर्वाला मी धक्क्याकडे पिटाळलं होतं, ती त्या दोन्ही म्हाताऱ्यांना घेऊन आली. ते दोर घेऊन आले. पाणी ह्यांच्या हनुवटीला लागलं होतं. ओढताना हे असे ओरडले... ते ओरडणं मी लिहू शकत नाही. शेवटी गाळाने सोडलं. एकदम, भक्कन.

बांधावर सगळे आडवे पडलो. तोंडं काळी, कोण कोण ते ओळखू येत नव्हतं. ह्यांनी नंतर सांगितलं ते असं. कोणीतरी बेटाबाहेरचा माणूस सकाळी सायकल मागून धक्क्यापर्यंत घेऊन गेला होता, होडीत दिसलेला निळा शर्ट बहुतेक त्याचा. हे चालतच फिरत होते. जुन्या फाटकापाशी बांध झिरपतोय का बघायला गेले आणि पाय घसरला. फोन गाळात गेला. ओरडून ओरडून घसा गेला, पण वाऱ्यात आणि पंख्यांच्या घरघरीत कोणाला ऐकू जाणार? इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे.

रमीलाला दम लागला होता. तिने विचारलं, "तने कोणे कह्युं, ए अहीं छे?"

मी म्हटलं, "तुझ्या सासूने. तुझ्यासमोरच तर सांगितलं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मा तो कंई बोली ज नथी." मा काहीच बोलली नाही. तू रडत होतीस, मग एकदम काहीतरी बडबडलीस, आणि पाटियुं घेऊन पळालीस.

मी पूर्वाकडे बघितलं. मी तिला एक अक्षर विचारलं नव्हतं. ती स्वतःहून म्हणाली, "बोलली ना आजी. अहिराणीत बोलली."

संध्याकाळच्या होडीने ह्यांना सुरतला नेलं, हॉस्पिटलात ठेवलं. पाय वाचले. डावा अजून थंडीत बधिर होतो. बरे झाल्यावर सामान आणायला आम्ही परत बेटावर गेलो तर त्याच बायका होडीतून उतरताना मला हात द्यायला पुढे आल्या. एकीने पूर्वाला उचलून घेतलं. रमीला माझ्या गळ्यात पडून रडली. आता राहा म्हणाल्या. तेव्हा मला खरंच वाटलं की आता कदाचित राहता येईल... पण हे गाळाकडे बघूसुद्धा शकत नव्हते.

निघायच्या आधी मी जमनामाकडे गेले. त्याआधी सगळ्यांकडे चौकशी केली होती. आधीचे राखणदार कोणी यूपीचे, कोणी ओडिशाचे. खानदेशातलं माणूस बेटावर कधी आलेलं कोणाला आठवत नव्हतं. म्हातारी स्वतः दवाखान्यापुरती सुरतला गेलेली, तेवढीच. मी तिच्या पाया पडले आणि अहिराणीतच बोलले. म्हटलं, माय, तू मना संसार वाचाडा. तुले कसं समजनं?

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, ऐकायला कानामागे हात धरून. मग रमीलाकडे वळून कंटाळल्यासारखी म्हणाली, "शुं कहे छे आ?" काय म्हणतेय ही?

ती नाटक करत नव्हती. मी तिचा चेहरा पाहिलाय.

माझा भाऊ बँकेत आहे, शिकलेला. तो म्हणतो, घाबरल्यावर माणसाचं डोकं असले खेळ करतं. जुन्या फाटकाची शंका तुझ्या मनात असणार, तीच तुला ऐकू आली. असेल. पण मग पूर्वाने काय ऐकलं? तो म्हणतो, लहान आहे, आईचं बघून म्हणाली. पण अहिराणीचं नावही मी तोपर्यंत काढलं नव्हतं हो...

सासूबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी ना भावासारखं समजावलं, ना हात जोडले. एकच विचारलं, "आवाज कोना व्हता?"

त्यांना वाटत होतं की मी वारलेल्या सासऱ्यांचं नाव घेईन, किंवा माझ्या गेलेल्या आईचं. तुम्हालाही तसंच वाटत असेल. तसं असतं तर मी निदान दिवा लावून मोकळी झाले असते.

पण आवाज त्या म्हातारीचाच होता. तिचाच घोगरा, तुटक, माझ्यावर चिडल्यासारखा.