डोळे मिटल्यास फोटो पुन्हा मोफत

"ती पाटी गिऱ्हाइकांसाठी आहे," स्टुडिओवाला म्हणाला. "तुमच्यासाठी नाही."

रोह्याच्या बाजारपेठेतला स्टुडिओ. साल चौऱ्याण्णव. माझ्या हातात आईचा फोटो होता. त्यात तिचे डोळे मिटलेले. समोर भिंतीवर पाटी : मोठा फोटो साठ रुपये. निम्मी रक्कम आगाऊ. डोळे मिटल्यास फोटो पुन्हा मोफत.

मी ती मोठ्याने वाचून दाखवली होती, म्हणून हे उत्तर मिळालं.

आमच्या कातकरवाडीत सातवी झालेला मी एकटा. ठेकेदाराकडे पोती मोजायचो. रोज चाळीस रुपये. आईच्या पोटात पाणी झालं होतं. महिना काढला तर खूप, असं डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलेलं. तिचा एकही फोटो नव्हता. बापाचाही नव्हता. बाप मी सहा वर्षांचा असताना गेला. त्याचा चेहरा मला आठवत नाही. आईचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी तिला अष्टमी गावाकडच्या नदीवरच्या पुलावरून चालवत आणलं. पुलावर ती दोनदा बसली. स्टुडिओत आमच्या आधी एका दुकानदाराचं पोर मखमली खुर्चीत बसलेलं. ते सारखं डोळे मिटायचं. "असू दे वहिनी, लहान आहे," असं त्याच्या आईला म्हणत स्टुडिओवाल्याने चार वेळा बटण दाबलं. चार. मी मोजले.

आमची पाळी आली तशी खुर्ची आत गेली, स्टूल बाहेर आलं. साठच्या साठ रुपये आधी घेतले. दिवा लागला, आई दचकली. एकदा बटण.

"मिटलं रं डोळं माझं," आई म्हणाली.

"ऊठ म्हातारे. बाहेर माणसं खोळंबलीत."

मी तिथेच उभा होतो. काही बोललो नाही.

आता फोटो हातात घेऊन बोललो. "पुन्हा काढा. मी तिला उचलून आणतो."

"फिल्म फुकट येते काय? डोळे तिने मिटले, मी नाही."

"आणखी साठ देतो. शनिवारी पगार हाय."

"मग शनिवारी ये."

मी त्याचे पाय धरले. हे लिहायला नको वाटतं, पण धरले. त्याने पाय मागे घेतला आणि पायपुसण्यावर पुसला.

आई शुक्रवारी गेली.

दिवसकार्य उरकून मी कामावर निघालो, तेव्हा स्टुडिओवाल्याने मला दुकानातून हाक मारली. आत चार गिऱ्हाइकं होती. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कळलं मला. वाईट झालं. फोटो घेऊन ये. ब्रशने उघडे डोळे रंगवून देतो. कुणाला ओळखू येणार नाही. इतरांकडून पंचवीस घेतो, तुझे वीस."

घरी तो फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. वीस रुपये खिशात होते. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं. मग मखमली खुर्ची दिसली. रिकामीच होती.

"नाय," मी म्हणालो. "कुणाला नाय कळलं तरी मला कळंल. माझी आय तशी बघत नव्हती."

"मस्ती आली काय रे?"

"व्हय. आली."

एक गिऱ्हाईक हसलं. मी पायरी उतरलो.

इतकी वर्षं झाली, फोटो आता दारासमोरच लावलाय. येणारा प्रत्येक पाहुणा चाचरत विचारतो, गेल्यावर काढला का? माझी सून म्हणते, आत ठेवा, पोरं घाबरतात. घाबरू देत. विचारू देत. ती जिवंत होती. स्टुलावर ताठ बसली होती. पैसे पूर्ण भरले होते. एका माणसाने दुसऱ्यांदा बटण दाबलं नाही. विचारील त्याला मी हे सगळं सांगणार, आणि पहिल्या दिवशी मी गप्प राहिलो, तेही गाळणार नाही.