तक मान्सू आणि गुरुवारच्या ढिगातली पुस्तकं

दक्षिण कोरियातल्या तेगू शहरात, एका जुन्या वसाहतीच्या फाटकाशी, इवल्याशा चौकीत तक मान्सू दिवसपाळीला बसायचा. वय सहासष्ट. त्याआधी तीस वर्षं त्याने गॅसच्या शेगड्या विकल्या होत्या. त्या धंद्यात वाचण्यासारखं काही असलंच तर ते शेगडीच्या खोक्यावर असे, आणि तेही तो गिऱ्हाइकालाच वाचायला सांगे. शाळा सुटल्यापासून आपण एकही पुस्तक पुरं केलेलं नाही, हे तो असं सांगायचा, जणू दारू सोडल्याचं सांगतोय.

पुस्तक हातात आलं ते झोपेपायी. दुपारचं जेवण झालं की चौकीत त्याचा डोळा लागायचा. रहिवाशांच्या समितीच्या अध्यक्ष प्यो बाईंनी त्याला तीनदा पकडलं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी काचसुद्धा वाजवली नाही, नुसत्या समोर उभ्या राहिल्या. जाग आली तेव्हा त्या कधीपासून उभ्या होत्या ते त्याला कळेना. आपली लाळ हनुवटीपर्यंत आलीय, हे मात्र कळलं.

“पुन्हा झोपलेले दिसलात, तर दुसरा माणूस बघावा लागेल, काका,” एवढंच त्या म्हणाल्या.

दर गुरुवारी वसाहतीतली रद्दी, बाटल्या, डबे वेगवेगळे लावायचं काम मान्सूचंच. त्या गुरुवारी कुणीतरी विटेएवढ्या जाड कादंबऱ्या टाकल्या होत्या. वाचत बसलं म्हणजे झोप येणार नाही, अशा विचाराने त्याने एक उचलली आणि दीड पानात घोरायला लागला. इतकी गाढ झोप त्याला महिन्याभरात लागली नव्हती. नशीब त्याचं, प्यो बाई त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या.

मग तो उभा राहून वाचू लागला. डोळा लागला तर पडू आणि पडलो तर जागे होऊ, हे त्याचं शास्त्र. रोज दहा पानं. कादंबरीत एक मीठ विकणारी विधवा होती आणि तिचे दोन दीर. दिरांची नावं इतकी सारखी की शंभर पानं मान्सू त्यांना एकच माणूस समजत राहिला, आणि हा गडी एकाच वेळी तुरुंगात नि बाजारात कसा, याचं त्याला फार कौतुक वाटत होतं. चूक कळल्यावर त्याने निमूटपणे पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. पुस्तक संपायला चार महिने लागले. शेवटचं पान मिटल्यावर आपल्यात काही फरक पडला असेल, म्हणून त्याने चौकीच्या काचेत पाहिलं. तोच चेहरा, दातात किमचीतल्या तिखटाचा कण.

पुढे ढिगात जे येईल ते तो वाचत गेला. शेळीपालन, गरोदर बायकांचा आहार, शेवटची वीस पानं नसलेलं एका भिक्षूचं प्रवासवर्णन. आज वाचलेलं उद्या आठवत नसे. वाचनाने माणूस शहाणा होतो म्हणतात. आपल्या वाटचं शहाणपण वाटेतच कुणीतरी उतरवून घेतंय, अशी त्याची खात्री झाली होती.

हिवाळ्यात एका सकाळी आठव्या मजल्यावरच्या ग्वाक आजी आणि त्यांच्या खालच्या घरातला तरुण भांडत भांडत चौकीवर आले. आजी सकाळी सहालाच लसूण कुटतात, आणि हा बेकरीतली रात्रपाळी आटपून नुकता आडवा झालेला असतो. एरवी मान्सूने दोघांहून मोठा आवाज लावून दोघांनाही पिटाळलं असतं. तीस वर्षं त्याने शेगड्याही अशाच विकल्या होत्या. पण रोज दहा पानं पुरी करायची सवय लागलेली. आजी थांबल्या तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, “मग?”

आजी बोलत गेल्या. यजमान आजारी, रुग्णालयात. सातला पहिली बस. तिथलं जेवण त्यांना जात नाही, म्हणून रोज ताजा डबा. तरुण ऐकत होता. मग मान्सूने त्यालाही तेच विचारलं. शेवटी त्या पोरानेच सांगितलं, लसूण मी येताना बेकरीत वाटून आणतो, तिथे यंत्र आहे.

मान्सू काकांनी काय शांतपणे मिटवलं, अशी बातमी वसाहतभर झाली. खरं म्हणजे त्याला काही मिटवायचं नव्हतं. गोष्ट रंगात आली होती आणि पुढचं ऐकायचं होतं, इतकंच.

पुढच्या गुरुवारी एक खोकं वेगळं ठेवलेलं दिसलं. वर चिठ्ठी, ‘चौकीवाल्या काकांसाठी’. त्याला भरून आलं. उघडलं तर आत सरकारी नोकरीच्या परीक्षेची मार्गदर्शकं. तीही त्याने वाचली. मागची सराव परीक्षा दिली आणि शंभरात एकतीस गुण मिळवून नापास झाला.

घरी मात्र त्या ‘मग?’ने घोटाळा केला. ओक्बुन, त्याची बायको, जेवताना म्हणाली की बाजारात तिला शाळेतली एक मैत्रीण भेटली. एरवी तो वाडग्यात तोंड घालून “हं” म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला, “मग?”

तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग सांगितलं. सहावीनंतर तिला कापडगिरणीत घातलं होतं, आणि ही मैत्रीण संध्याकाळी येऊन तिला आपला धडा वाचून दाखवायची.

“अडतीस वर्षांत हे कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही विचारलंत कधी?”

मान्सूने चमचा खाली ठेवला. काहीतरी चांगलं बोलावं, असं त्याला वाटलं. “अगं, म्हणजे इतकी वर्षं घरातच एक...”

“मला पुस्तक-बिस्तक म्हणायचं नाही हं,” ओक्बुन म्हणाली. “सूप निवतंय.”

त्याने थोडा भात वाढून घेतला आणि त्या मैत्रिणीचं नाव विचारलं.